तीन पुंगळ्या आणि कोथिंबिरीची जुडी

शुक्रवारी ऑफिसातून लवकर सुटल्यावर चारुदत्तने चहासुद्धा न पिता लॅपटॉप उघडला आणि घरात ठेवायच्या पिस्तुलाचा तुलनात्मक तक्ता करायला घेतला.

खरं तर दुबईच्या करामा भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये कांदा चिरायच्या सुरीपलीकडे शस्त्र नव्हतं, आणि इथे तसं ठेवायची सोयही नव्हती, गरजही नव्हती. इथे माणूस गाडीत लॅपटॉप विसरतो आणि दुसऱ्या दिवशी तो तिथेच सापडतो. पण मार्चमध्ये त्याची बदली ह्यूस्टनला होणार होती, आणि ह्यूस्टनला त्याच्या बायकोचे, म्हणजे साधनाचे, थोरले बंधू अंबादास राहत होते. त्यांचा कालच फोन आला होता.

"चारुदत्तराव, इकडे ज्याचं घर त्याने राखायचं. माझ्या शेजाऱ्याकडे दोन आहेत. तुम्ही येण्याआधी कॅलिबर तेवढं ठरवून ठेवा."

"कॅलिबर म्हणजे?"

"अहो, गोळीची जाडी. पॉइंट टू टू, नाइन एमएम, पॉइंट फोर्टी फाइव. सरावालाही चालेल आणि रात्री-अपरात्री घरालाही उपयोगी पडेल, असं एक निवडा. मी काय सांगू, तुम्ही तर पर्चेसमधले!"

हे शेवटचं वाक्य चारुदत्तच्या वर्मी लागलं. एका बांधकाम कंपनीच्या खरेदी खात्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. कामगारांचे बूट, हेल्मेटं, कॅम्पातला तांदूळ, डाळ, मच्छरदाण्या, जे काही आलं ते तीन कोटेशनं, एक तक्ता आणि प्रत्येकाचा नमुना याशिवाय आलं नव्हतं. नमुना न बघता त्याने आयुष्यात एकच गोष्ट पसंत केली होती, ती म्हणजे साधना. आणि तिथेही मावशीने फोटो पाठवला होताच.

तक्ता झकास झाला. हाताला बसणारा धक्का, आवाज, गोळ्या मिळण्याची सोय, सरावाची सोय, गोळी भिंत फोडून शेजारच्या घरात जाण्याचा संभव, एकेका मुद्द्याला गुण. मग त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावायचं बटण दाबलं. संगणकाने आज्ञाधारकपणे पॉइंट टू टू, मग पॉइंट फोर्टी फाइव आणि शेवटी नाइन असे आकडे लावून दिले. पहिले दोन इंचातले आणि तिसरा मिलिमीटरातला, हे संगणकाला कोणी सांगितलं नव्हतं. चारुदत्तलाही नव्हतं.

"बाबा, व्हॉट इज धिस?" पंधरा वर्षांच्या ईशानीने मागून डोकावून विचारलं.

"ऑफिसचं काम."

"युअर ऑफिस इज बाइंग गन्स?"

"हळू बोल! आत ताई जप करतायत."

ताई म्हणजे कुमुदताई. पुण्याच्या कीर्तनकार. वय सत्तरीपार, पण आवाज असा की पहिल्या नमनालाच सभागृहातले मोबाइल आपोआप खिशात जावेत. इथल्या मराठी मंडळाने त्यांना शनिवारच्या कीर्तनासाठी बोलावलं होतं, आणि त्या उतरल्या होत्या चारुदत्तकडे. कीर्तनात ताईंच्या मागे उभं राहून झांज धरायचा मान त्याला मिळायचा. हा मान त्याला कंपनीतल्या बढतीपेक्षा मोठा वाटे, आणि तो होताही. अशा बाईच्या कानावर बंदुकीचं नाव घालायचं म्हणजे चपला घालून देवघरात जाण्यासारखं.

साधनाला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. तिने भावाचा फोन अर्धाच ऐकून निकाल दिला होता, "घरात बंदूक येणार असेल तर तुम्ही जा ह्यूस्टनला. मी इथेच बरी."

तेव्हा शनिवारी सकाळी चारुदत्त 'ऑफिसला' म्हणून निघाला आणि शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात पोचला. ओळखपत्र दाखवून, पैसे भरून, कानांवर आवाज अडवणारे मफ्स आणि डोळ्यांवर चष्मा चढवून तो उभा राहिला. शिकवायला यहया नावाचा जॉर्डनचा माणूस होता. देह पहिलवानाचा, आवाज अंगाई म्हणणाऱ्याचा. हिंदी त्याने गिऱ्हाइकांकडूनच उचललं होतं.

"हबीबी, पहले छोटा. पॉइंट टू टू."

छोटा आवाज झाला. दिवाळीच्या लडीतली सुटलेली लवंगी जेवढी वाजेल तेवढाच. हाताला धक्का म्हणाल तर शेजाऱ्याने बेल दाबावी एवढा. पाच गोळ्यांतल्या दोन कागदाला लागल्या, आणि चारुदत्तची छाती उगाच दोन इंच पुढे आली.

"अब मीडियम," तो म्हणाला. "पॉइंट फोर्टी फाइव."

"मीडियम?" यहयाच्या भुवया वर गेल्या. "किसने बोला मीडियम?"

"मेरे टेबल में मीडियम है."

गिऱ्हाइकाचं टेबल कुठलं, हे यहयाला कळलं नाही. पण त्याने तीनदा समजावलं, डावा अंगठा मागे आणायचा नाही, पुढे ठेवायचा, यल्ला, चला, श्वास धरा. चारुदत्तने मान डोलावली. नेम धरला. आणि ऐन वेळी, कढई धरताना आपण आधाराला दुसरा हात नेतो ना, तसा त्याचा डावा अंगठा आपसूक पिस्तुलाच्या पाठीमागे गेला.

नंतर काय झालं ते त्याला नीट आठवत नाही. मोठा आवाज झाला. उजवं मनगट आभाळाकडे निघालं. पिस्तुलाचा वरचा भाग सर्रकन मागे आला आणि डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात रेघा मारून परत गेला, दोन, समांतर, पट्टीने आखाव्यात तशा. समोरचा कागद मात्र वधूच्या साडीसारखा कोरा.

"या सलाम!" म्हणत यहया मलमपट्टी आणायला धावला.

तो तिकडे गेला आणि इकडे चारुदत्तमधला खरेदी अधिकारी जागा झाला. हात दुखत होता, पण बावीस वर्षांची सवय दुखत नसते. पायाशी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या. त्याने पॉइंट टू टूची एक आणि फोर्टी फाइवची एक उचलून खिशातल्या छोट्या झिप-पाकिटांत घातली आणि वर चिठ्ठ्या लावल्या. 'नमुना क्र. १. शेरा: सुटसुटीत.' 'नमुना क्र. २. शेरा: हात गेला.'

पट्टी बांधून झाल्यावर त्याने नाइन एमएमचाही हट्ट धरला. तिसरं कोटेशन घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे व्रतच होतं. आता सगळ्यात मोठी, म्हणून डोळे मिटून, मनात देवाचं नाव घेऊन त्याने चाप ओढला. तर ती त्या मधलीपेक्षा कितीतरी गरीब निघाली.

"हबीबी, ये बीच का है," यहया कळवळून म्हणाला. "वो बडा था. खलास, आज घर जाओ. हाथ को बर्फ लगाओ."

नमुना क्रमांक तीन तेवढ्यात खिशात गेला होता.

घरी दार साधनाने उघडलं.

"हाताला काय झालं?"

"किसणी लागली."

"कुठली किसणी?"

"ऑफिसातली."

साधनाने त्याच्याकडे बघितलं. तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने किसणी फक्त धुऊन वाळत घातलेली पाहिली होती. पण घरात पाहुण्या होत्या, म्हणून ती काही बोलली नाही. न बोलण्याचा तिचा आवाज फोर्टी फाइवपेक्षा मोठा होता.

नमुने लपवायचे कुठे? कपाट साधनाचं, टेबल ईशानीचं, फ्रिज सर्वांचा. समोर टीपॉयवर ताईंची लाल मखमली पिशवी होती, झांजा आणि चिपळ्यांची. संध्याकाळी ती त्यालाच हॉलवर न्यायची होती, तोवर तिला दुसरं कोणी हात लावणार नव्हतं. त्याने तिन्ही पाकिटं पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात सरकवली. कीर्तनानंतर काढून घेऊ.

ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी कीर्तन असं रंगलं की काय सांगावं! तबल्याला रुपेश होता, पेटीला गिरिजावहिनी. पूर्वरंगात ताईंनी देहाला घराची उपमा देऊन नऊ दारं मोजून दाखवली आणि उत्तररंगाला आख्यान लावलं ते जय-विजयाचं.

"अहो, प्रत्यक्ष वैकुंठ! तिथे चोर येणार कुठून? तरी दारावर दोन रखवालदार," ताई चिपळ्या नाचवत म्हणाल्या. "हातात गदा आली आणि डोक्यात वारं शिरलं. दारात आले कोण, तर सनकादिक, लहान मुलांसारखे चार ऋषी. त्यांनाच अडवलं! जन्मजन्मांतरी उतरून यावं लागलं खाली. गदा चांगली हो, पण धरणारा कोण, ते बघायला नको का?"

असं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. गजर सुरू झाला होता आणि झांज समेच्या अर्धा हात मागून चालली होती. चारुदत्तचं मनगट भोपळ्यासारखं सुजलं होतं. प्रत्येक ठोक्याला डोळ्यांत पाणी येत होतं, आणि पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "बघा ना, किती तल्लीन झालेत!"

त्या दुखण्याच्या भरात नमुने गेले विसरून.

रविवारी सकाळी दहा वाजता साधना "कोथिंबीर घेऊन येते" म्हणून गेली, ती साडेबाराला आली. जेवताना ताटात कोथिंबीर नव्हती. पण मनगटाला बर्फ लावून डाव्या हाताने आमटी-भात जेवणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येण्यासारखं नव्हतं. एक वाजता रुपेश गाडी घेऊन आला. ताईंनी चारुदत्तच्या डोक्यावर हात ठेवला.

"दार सांभाळ रे बाबा," त्या म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

केवढा अध्यात्माने भरलेला आशीर्वाद, असं मनात म्हणत चारुदत्त तक्ता पुरा करायला बसला. नमुन्यांचे क्रमांक टाकायचे म्हणून त्याने क्लबाची पावती काढली, आणि सवयीने उलटी करून मागच्या अटी वाचल्या. कलम सातवं. 'वापरलेली पुंगळी आवाराबाहेर नेण्यास सक्त मनाई. जवळ आढळल्यास पोलिसांना कळवण्यात येईल.'

दुसऱ्याच क्षणी त्याला लाल पिशवी आठवली. टीपॉय रिकामं होतं.

आता विचार करा. सत्तरीची बाई, गळ्यात तुळशीची माळ, पिशवीत देवाच्या चिपळ्या, आणि त्या चिपळ्यांशेजारी तीन पुंगळ्या घेऊन ती दुबईच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्राकडे निघालेली! यंत्राला भक्तिमार्ग कळत नाही. चारुदत्तच्या डोळ्यांपुढे ताई बेड्या घातलेल्या दिसल्या. त्याने रुपेशला फोन लावला.

"रुपेश, ताई कुठेत?"

"सोडलं की टर्मिनलला. मी परत निघालोय. का रे?"

"त्यांच्या पिशवीत माझं... माझं एक सामान राहिलंय."

"मग पुण्याहून पाठवतील कुरिअरने. काय आहे?"

काय आहे, ते फोनवर बोलायची त्याची हिंमत झाली नाही. "नमुने," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ताईंचा फोन वायफायशिवाय चालत नव्हता. त्याने चपला अडकवल्या.

"कुठे निघालात?" साधनाने विचारलं.

"कोथिंबीर आणायला!"

साधनाच्या चेहऱ्यावर काहीतरी चमकून गेलं. "आणा," ती म्हणाली, "मला मिळाली नाही."

मेट्रोत रविवारची गर्दी होती. एका हाताने दांडा धरून चारुदत्त मनातल्या मनात कबुलीजबाब जुळवत होता. नाव, हुद्दा, विषय, संदर्भ. 'सदर नमुने माझ्या ताब्यातील असून सदर महिलेचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.' नोकरी जाणार, ह्यूस्टन जाणार, कदाचित हा देशही जाणार. जाऊ दे. पण ताईंना हात लागता कामा नये. ज्या हाताने झांज धरली त्याच हाताने त्यांना अडकवलं, असं लोकांनी म्हणायला नको. त्याने डोळे मिटून पांडुरंगाला सांगितलं, देवा, उत्तररंग तू सांभाळ.

टर्मिनलमध्ये ताई कुठेच दिसेनात. चौकशीच्या टेबलामागे गणवेशातली एक बाई बसली होती. छातीवर पाटी, बिलकीस.

"यस सर? क्या हुआ?"

"मॅडम, मेरा नाम चारुदत्त है. पर्चेस डिपार्टमेंट," त्याने सवयीने ओळखपत्र पुढे केलं. "एक लेडी अंदर गयी हैं. उनकी रेड बॅग में... सब गलती मेरी है. उनको कुछ मत करना."

बिलकीसने पेन खाली ठेवलं. "कौन सी गलती?"

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर थाप पडली.

"अरे चारुदत्ता! तू कसा इथे?"

मागे कुमुदताई उभ्या होत्या. एका हातात लाल पिशवी, दुसऱ्यात साधनाने दिलेली दशमी, अर्धी खाल्लेली.

"ताई! तुम्ही आत गेला नाहीत?"

"काउंटर उघडायला अजून वेळ आहे. म्हटलं बाकावर बसून दोन घास खावेत. ही कोण, मैत्रीण तुझी?"

चारुदत्तचा जीव भांड्यात पडला. "मॅडम, मिल गयीं," तो बिलकीसला म्हणाला. "ये अंदर गयीच नहीं."

"और गलती?"

"बेटी," ताई मध्ये पडल्या, "ये मेरे पीछे झांज बजाता है. कल पूरे टाइम लेट बजाया. वही गलती. बहुत सीधा लडका है."

बावन्न वर्षांच्या सीध्या लडक्याकडे बघून बिलकीस हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली. ताईंनी चारुदत्तला बाकावर बसवलं, पिशवी त्याच्या मांडीवर दिली. त्याने बाजूचा कप्पा उघडला. कप्पा रिकामा होता.

"काडतुसाच्या पुंगळ्या शोधतोयस?" ताई म्हणाल्या.

"ताई, हळू!"

"मराठी कोणाला कळतंय इथे?"

शेजारच्या बाकावरचं अख्खं कुटुंब वडे खाता खाता थांबून त्यांच्याकडे बघत होतं. ताईंनी त्यांना गोड हसून नमस्कार केला.

"अरे, चिपळ्या मी रोज सकाळी पुसून, नमस्कार करून ठेवते. आज पिशवी उघडली तर तुझ्या अक्षरातल्या तीन पुड्या. नमुना एक, पॉइंट टू टू. नमुना तीन, नाइन एमएम. नमुना दोन, फोर्टी फाइव, तो तर काल कीर्तनाआधी तू पट्टी बदलताना तुझ्या अंगठ्यावरच वाचला होता मी. दोन समांतर रेघा. अंगठा मागे नेणाऱ्याला पिस्तूल अशीच सही देतं."

चारुदत्तने अंगठा मुठीत लपवला. "तुम्हाला हे कसं..."

"एकोणतीस वर्षं खडकीला, दारूगोळा कारखान्यात. तपासणी विभाग. तुला काय वाटलं, नुसत्या चिपळ्यांवर पोट भरतं? दिवसाला हजारो पुंगळ्या डोळ्यांखालून जायच्या. चिरलेली बाजूला, वाकडी बाजूला. हात चालायचा, मनात अभंग चालायचा. माझी निम्मी आख्यानं त्या टेबलावर पाठ झालीत."

"मग ताई," चारुदत्तला राहवेना, "तुम्हीच सांगा. कुठलं कॅलिबर?"

"तक्ता पाहिला मी तुझा. ईशानीने दाखवला. नाइन एमएम खाली नेऊन ठेवलंयस ते आधी वर घे. नऊ मिलिमीटर फोर्टी फाइवहून बारीक असतं." त्यांनी दशमीचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. "शिकायला पॉइंट टू टू. धक्का नाही, म्हणून भीती नाही, आणि भीती नाही म्हणून नेम बसतो. घरासाठी पुष्कळ जण नाइन एमएम सांगतात, पण ते ज्याला पेलेल आणि जो महिन्यातून चारदा सराव करील त्याने. फोर्टी फाइवचं नाव काढू नकोस. पण तुझ्या तक्त्यात एक ओळच नाही."

"कुठली? धक्का आहे, आवाज आहे, भिंत आहे..."

"धरणारा कोण? ती ओळ नाही. काल अख्खं आख्यान तुझ्यासाठी लावलं मी, आणि तू झांजेकडे बघत रडत होतास. हजारो काडतुसं तपासली बाबा, घरात एक नाही आणलं. दाराला दणकट कडी आणि शेजाऱ्याशी दोन शब्द गोड. ज्याला समेवर येता येत नाही त्याने तर एवढ्यावरच भागवावं."

"चुकलो, ताई. पण त्या पुंगळ्या आहेत कुठे?"

"जिथल्या तिथे. साधनाकडे दिल्या मी. तुझ्या खिशातल्या पावतीवर क्लबाचं नाव होतं, ती सकाळीच तिथे देऊन आली."

चारुदत्तच्या डोक्यात घंटा वाजली. अडीच तास! आणि ताटात कोथिंबीर नव्हती!

ताईंना रांगेत उभं करून, वाकून नमस्कार करून तो निघाला. करामात उतरल्यावर मात्र आठवणीने दुकानात शिरला आणि हिरवीगार जुडी घेतली. एवढा तरी शब्द खरा करावा.

घरात आल्या आल्या त्याला फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली अडकवलेला क्लबाचा कागद दिसला. मधल्या काळ्या वर्तुळात एकच फाटकं भोक होतं, अंगठा जाईल एवढं.

"हे कोणी कात्रीने कापलं?" त्याने विचारलं.

"नो, बाबा. दॅट्स आई," ईशानी मोबाइलमधून मान न काढता म्हणाली. "टेन शॉट्स. पॉइंट टू टू. शी इज सो कूल."

साधना कणीक मळत होती. "यहयाभाईंना पुंगळ्या दिल्या, तर बिचारे रडायचेच बाकी होते. कालपासून तीन कमी म्हणून शोधत होते. म्हणाले, मॅडम, आला आहात तर दहा मारून जा."

"आणि तू... तुला जमलं?"

"त्यात काय? सुईत दोरा ओवताना श्वास धरतो, तसा धरायचा. अंगठा मागे न्यायचा नाही," ती त्याच्या पट्टीकडे न बघता म्हणाली. "दादाला मी फोन केला मघाशी. सांगितलं, बंदूक नको, आमच्यासाठी दाराला कडी चांगली बघून ठेव. सरावाला मात्र मी जाणार, दर शनिवारी. तुम्ही गाडीत बसा."

चारुदत्त गुपचूप लॅपटॉपपाशी गेला. तक्त्यात शेवटी एक ओळ वाढवली, 'धरणारा'. तिच्यापुढे स्वतःचं नाव लिहून, शेऱ्यात 'अपात्र' असं लिहिताना त्याला विलक्षण हलकं वाटलं. मग एक तरी गोष्ट नीट केल्याच्या समाधानात त्याने ती जुडी साधनापुढे ठेवली.

"घे. कोथिंबीर."

साधनाने एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं.

"अहो, ही कोथिंबीर नाही. बगदुनिस आहे. अरबी लोक सॅलडात घालतात ती. दिसायला तशीच, वास मात्र तो नाही."

बावीस वर्षांच्या खरेदी अधिकाऱ्याची मान खाली गेली. साधनाने हात धुतले, फ्रिजच्या तळातून मागच्या आठवड्याची उरलेली कोथिंबिरीची एक कोमेजलेली काडी शोधली, त्याच्या खिशातून एक झिप-पाकीट काढून त्यात घातली आणि वर चिठ्ठी लावून पाकीट त्याच्या दुखऱ्या हातात दिलं.

'नमुना क्र. १. शेरा: हीच आणावी.'